वाद मेट्रोचा, शिक्षा भागीदारीपत्राला

१० एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या विमानतळ मेट्रो मार्गाच्या वादातील लवादाचा, म्हणजे न्यायालयाऐवजी पक्षकारांनी पत्करलेल्या पंचांचा, निवाडा क्युरेटिव्ह याचिकेत, म्हणजे पुनर्विचारानंतरही उरणाऱ्या शेवटच्या उपायात, रद्दबातल ठरवला. निवाडा २०१७ चा होता, व्याजासह त्याची रक्कम सुमारे आठ हजार कोटींवर गेली होती, आणि २०२१ मध्ये याच न्यायालयाने तो कायम केला होता. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ जून २०२४ रोजी, केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी खात्यांना कळवले की खरेदीच्या आणि कामांच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, आणि घालायचेच तर साधारणतः दहा कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरतेच घालावे. या दोन घटनांपासून लवाद महाग असतो, लांबतो आणि शेवटी न्यायालयातच जातो, मग तो हवाच कशाला, असा एक सूर सर्वत्र ऐकू येतो. हा सूर आता भागीदारीपत्रांपर्यंत पोहोचला आहे. गेल्या वर्षभरात माझ्या टेबलावर आलेल्या तीन मसुद्यांत लवादाच्या कलमावर लाल शाईने तिरकी रेघ मारलेली होती. रेघ मारणाऱ्याला कारण विचारले तर उत्तर एकच मिळे: "सरकारनेच सोडले ना!" लवादाचे समर्थक याला जे उत्तर देतात तेही तितकेच भलतीकडचे असते. ते परदेशी गुंतवणूक, लवादाचे केंद्र म्हणून सिंगापूरची बरोबरी आणि परदेशी निवाडे मान्य करण्याविषयीचा १९५८ चा न्यूयॉर्क करार यांविषयी बोलू लागतात. दोन्ही बाजू लवादाविषयी बोलतात खऱ्या, पण दोन भागीदारांमधल्या लवादाविषयी कोणीच बोलत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. भागीदारांमधला वाद हा मुळात हिशेबाचा आणि मोडलेल्या विश्वासाचा वाद असतो, आणि त्याची योग्य जागा लवाद हीच आहे. कंत्राटदार आणि सरकार यांच्यातील लवादाचे गुणदोष त्याला चिकटवणे ही चुकीची तुलना आहे. सुधारणा हवी आहे ती कलमाच्या मजकुरात, कारण तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणत्या तरी कागदावरून उतरवलेला असतो.

ही तुलना चुकीची का, हे १९३२ च्या भागीदारी कायद्यातच दिसते. त्याचे कलम ९ भागीदारांनी परस्परांशी न्याय्य आणि प्रामाणिक वागावे, खरे हिशेब द्यावेत आणि संस्थेशी संबंधित सर्व माहिती एकमेकांना द्यावी, असे सांगते. कलम १२ प्रत्येक भागीदाराला संस्थेची पुस्तके पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क देते. कलम १८ प्रमाणे प्रत्येक भागीदार हा व्यवसायापुरता संस्थेचा अभिकर्ता असतो, म्हणजे त्याने केलेल्या सहीने इतरही बांधले जातात. सरकार आणि कंत्राटदार यांच्यात असले कोणतेही नाते नसते. ते पहिल्या दिवसापासून एकमेकांच्या समोर उभे असतात, प्रत्येक पत्र उद्याच्या खटल्याची तयारी म्हणून लिहितात, आणि त्यांचा वाद कराराच्या एखाद्या शब्दाच्या अर्थावर चालतो. भागीदारांचा वाद क्वचितच शब्दाच्या अर्थावर असतो. कोणी किती उचल केली, कोणाच्या भांडवल खात्यात काय जमा झाले, जुना माल कोणत्या भावाने धरला, नावलौकिकाची किंमत किती, आणि बँकेचे कर्ज कोणाच्या सांगण्यावरून काढले, हे त्याचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे कीर्द-खतावणीत असतात, आणि ती शोधायला कायद्याच्या पंडिताइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हिशेब वाचता येणारा माणूस लागतो.

आता हाच वाद दिवाणी न्यायालयात नेला तर काय होते ते पाहू. भागीदारीच्या विसर्जनाच्या आणि हिशेबाच्या दाव्यात न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनामा देते आणि प्रत्येकाचा हिस्सा ठरवते. मग हिशेब तपासण्यासाठी ते बहुधा एक आयुक्त नेमते. आयुक्त पुस्तके मागवतो, दोन्ही बाजूंचे ऐकतो, अहवाल देतो, त्यावर हरकती येतात, आणि त्यानंतर अंतिम हुकूमनामा होतो. म्हणजे ज्या न्यायालयाच्या नावाने लवादाला नाकारायचे, ते न्यायालयही खतावणी शेवटी बाहेरच्याच माणसाच्या हाती देते. फरक इतकाच की तो माणूस येण्याआधी कित्येक वर्षे गेलेली असतात. दरम्यान एक भागीदार वारलेला असतो, गोदामातला माल जुना झालेला असतो, आणि ज्याला सगळे आकडे तोंडपाठ होते तो कारकून नोकरी सोडून गेलेला असतो. एवढ्या उशिरा मिळालेला बिनचूक हिशेब कोणाच्या उपयोगाचा?

मी स्वतः काही वर्षे हिशेब तपासण्याचे काम केले आणि दोन-तीनदा भागीदारांनी मला लवाद म्हणून बसवले. गोपनीयतेचे बंधन असल्याने तपशील बदलून एकच प्रसंग सांगतो. दोन भागीदार होते, एक साठीचा, दुसरा त्याच्या मोठ्या भावाचा मुलगा. पुतण्याचा आरोप असा की काकांनी सात वर्षांत "किरकोळ खर्च" या नावाखाली मोठी रक्कम काढली. दोघांचेही वकील पहिल्या दोन बैठकांत अपहार, विश्वासघात आणि फसवणूक यांविषयी बोलत होते. तिसऱ्या बैठकीला मी वकिलांना थोडे थांबवले आणि कीर्द उघडून टेबलाच्या मधोमध ठेवली. दर महिन्याच्या सात तारखेला तीच रक्कम, त्याच अक्षरात. काका काही बोलेनात. मग पुतण्याच जरा वाकून पानाकडे पाहत म्हणाला, "काका, हे तर आईला पाठवत होतात ते." भाऊ वारल्यानंतर वहिनीला दरमहा पैसे जात होते. ते संस्थेच्या खात्यातून गेले, काकांच्या उचलीत दाखवले गेले नाहीत, आणि पुतण्याला कोणी सांगितले नव्हते. नोंद चुकीचीच होती, आणि ती रक्कम काकांच्या खात्यात नावे टाकावी लागली. काकांनी त्यावर हरकत घेतली नाही. आरोपाचा विषय मात्र तिथेच संपला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, उलटतपासणीच्या प्रश्नाला "होय" किंवा "नाही" एवढेच उत्तर देताना, हे वाक्य त्या मुलाच्या तोंडून आले असते असे मला वाटत नाही. एका प्रसंगावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. पण बंद खोलीत उघडलेले पुस्तक आणि भर न्यायालयात दाखल झालेले प्रतिज्ञापत्र यांच्यापुढे माणसे वेगळी वागतात, एवढे मी पाहिले आहे.

विरोधकांचा पहिला गंभीर मुद्दा फसवणुकीचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. भागीदाराने खरोखर खोट्या सह्या केल्या असतील, बनावट बिले लावली असतील, तर असा गुन्हा खासगी खोलीत मिटवायचा का? सर्वोच्च न्यायालयालाही हा प्रश्न पडला होता. २००९ मधील एका निकालात, भागीदारांमधील गैरव्यवहाराचे आरोप गंभीर आहेत आणि त्यांना सविस्तर पुरावा लागेल, म्हणून लवादाऐवजी न्यायालयच योग्य, असे ठरले. त्याचा परिणाम मात्र अपेक्षेप्रमाणेच झाला. ज्याला लवाद टाळायचा होता त्याला फक्त अर्जात "फसवणूक" हा शब्द लिहिण्याची गरज उरली. २०१६ मध्ये तमिळनाडूतील एका कुटुंबाच्या हॉटेलच्या भागीदारीचे प्रकरण आले. एका भावाने सुमारे दहा लाखांचा धनादेश इतरांना न सांगता आपल्या मुलाच्या नावे काढला, असा त्यात एक आरोप होता. उच्च न्यायालयाने लवाद नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे हिशेबाशी निगडित साधे आरोप आहेत आणि लवाद त्यांचा निर्णय करू शकतो, आणि प्रकरण लवादाकडे पाठवले. २०२० मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने २००९ च्या निकालातील सूत्रच बाजूला सारले आणि दिवाणी स्वरूपाच्या वादातील फसवणुकीचे आरोप लवादापुढे चालू शकतात, हे स्पष्ट केले.

इथे एका जुन्या इंग्लिश निकालाची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण तोही दोन भावांच्या भागीदारीचाच होता. १८८० च्या रसेल खटल्यात न्यायमूर्ती जेसेल यांनी केलेला भेद आजही तीक्ष्ण वाटतो: ज्याच्यावर फसवणुकीचा आरोप आहे तो उघड्या न्यायालयात स्वतःचे नाव स्वच्छ करून घेऊ इच्छित असेल तर न्यायालयाने त्याला सहसा नाही म्हणू नये. पण आरोप करणाऱ्यालाच लवाद नको असेल, तर केवळ त्याने आरोप केला आहे म्हणून लवाद मोडता येत नाही. आपल्याकडची चर्चा नेमकी हा भेद विसरते. उघड सुनावणी हे बदनामी होणाऱ्याचे संरक्षण आहे. बदनामी करणाऱ्याच्या हातातले ते हत्यार होऊ नये. आणि खरोखरचा गुन्हा असेल तर फौजदारी फिर्यादीला लवाद अडवत नाही. लवाद पैसे परत करायला लावू शकतो, तुरुंगात पाठवू शकत नाही, आणि तसे कोणी म्हणतही नाही.

दुसरा मुद्दा कायद्याच्या वाढीचा. बंद खोलीतले निवाडे छापले जात नाहीत, म्हणून कायदा पुढे जात नाही, असे म्हणतात. हे पूर्णपणे खरे आहे. भागीदाराचा संस्थेतील हिस्सा ही जंगम मालमत्ता असते, संस्थेकडे जमीन-इमारत असली तरी, हे तत्त्व १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मांडले आणि आजही रोज वापरले जाते. त्या खटल्यातले पक्षकार लवादाकडे गेले असते तर आपल्याला हे तत्त्व त्या रूपात मिळाले नसते. पण दोन भागीदारांनी आपले आयुष्य आणि धंदा कायद्याच्या प्रगतीसाठी खर्च करावा, अशी अपेक्षा कोणी कोणाकडून करावी? शिवाय सगळे वाद लवादाकडे जात नाहीत. बँका, धनको आणि करखाते लवादाच्या कलमाने बांधले जात नाहीत, त्यांचे वाद न्यायालयातच येतात, आणि कायदा तिथे वाढतो.

खर्च आणि विलंब यांच्यावर मी फार जागा घालवणार नाही, कारण इथे बहुतेक दोष आपणच कलमात लिहून ठेवलेले असतात. न्यायमूर्ती देसाई यांनी १९८१ मध्येच खंत व्यक्त केली होती की १९४० च्या लवाद कायद्याखालचे कामकाज पाहून वकील हसतात आणि कायद्याचे तत्त्वचिंतक रडतात. १९९६ चा कायदा त्यावर उतारा म्हणून आला, आणि तरीही रडणे थांबले नाही. पण साधे गणित करा. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातील नमुना दराप्रमाणे पन्नास लाखांच्या वादात एका लवादाचे मानधन १,८७,५०० रुपये होते, तो एकटाच असेल तर त्यावर पंचवीस टक्के वाढीव धरून २,३४,३७५ रुपये. तीन लवाद बसवले तर ५,६२,५००, आणि तिघांच्या रिकाम्या तारखा जुळेपर्यंतचा काळ वेगळा. दोन भागीदारांच्या संस्थेत "प्रत्येकाने एक लवाद नेमावा आणि त्या दोघांनी तिसरा" हे वाक्य जवळपास प्रत्येक भागीदारीपत्रात का असते? कारण ते मोठ्या कंत्राटातून उतरवले गेले. याच कायद्यात कलम २९ब आहे. पक्षकारांनी लेखी मान्यता दिली तर कागदपत्रांवरूनच, तोंडी सुनावणीशिवायही, सहा महिन्यांत निवाडा करण्याची सोय त्यात आहे. हिशेबाच्या वादाला याहून सोयीची पद्धत कोणती? तरीही हे कलम लिहिलेले भागीदारीपत्र मी अजून पाहिलेले नाही. एका भागीदारीपत्रात तर २०१९ सालीसुद्धा "भारतीय लवाद कायदा १९४० प्रमाणे" असे छापलेले होते, म्हणजे रद्द होऊन तेवीस वर्षे झालेल्या कायद्याचा हवाला. मसुदा करणाऱ्याने ते कलम वाचलेच नव्हते, मग सही करणाऱ्यांनी काय वाचावे?

विरोधकांचा खरा बळकट मुद्दा याहून वेगळा आहे आणि तो फारच थोडे लोक मांडतात. भागीदार कागदावर समान असले तरी प्रत्यक्षात नसतात. एकजण धंदा चालवतो, दुसऱ्याने फक्त पैसे घातलेले असतात. एक थोरला असतो, दुसरा त्याचा शब्द न मोडणारा धाकटा. कधी दुसरी बाजू म्हणजे वारलेल्या भागीदाराची विधवा असते, आणि लवाद कायद्याच्या कलम ४० प्रमाणे लवादाचा करार मृत्यूने संपत नाही, तेव्हा तिने कधीही न पाहिलेले कलम तिलाही बांधते. अशा वेळी लवाद म्हणून थोरल्या भागीदाराच्या ओळखीच्या सनदी लेखापालाचे नाव कलमात आधीच लिहिलेले असेल, तर त्याला न्याय कसा म्हणायचा? हा आक्षेप मला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयालाही तो २०१९ मध्ये मान्य झाला: वादात ज्याचे हितसंबंध आहेत त्याला एकट्याला एकमेव लवाद नेमता येणार नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये घटनापीठाने सरकारी करारांच्या संदर्भात हे आणखी ठामपणे सांगितले. आक्षेप मान्य करूनही एक प्रश्न उरतो. दुबळ्या बाजूला दिवाणी न्यायालयाचा लांब रस्ता परवडतो का? ज्याच्या हातात रोकड आहे तोच तारखांवर तारखा घेऊ शकतो. विधवेला सर्वांत जास्त गरज असते ती संस्थेची पुस्तके लवकर ताब्यात येण्याची, आणि तेवढ्यासाठी लवाद बसण्याआधीच लवाद कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयात अंतरिम दाद मागता येते. लवादाचे कलम म्हणजे न्यायालयाचे दार बंद, हा समज त्यामुळे निराधार आहे.

सक्तीच्या बाबतीत इतिहास सावध करतो. फ्रान्समध्ये १६७३ च्या व्यापारी अध्यादेशाने भागीदारांचे वाद लवादाकडे नेणे बंधनकारक केले, नेपोलियनच्या १८०७ च्या व्यापारी संहितेने ते चालू ठेवले, आणि १८५६ मध्ये ते रद्द झाले. त्याच वर्षी इंग्लंडच्या सर्वोच्च अपील सभेने मात्र आधी लवादाचा निवाडा, मगच दावा, ही अट पक्षकारांनी स्वखुशीने घातली असेल तर ती वैध, असा निर्णय दिला. एका देशाने लादलेला लवाद सोडला, दुसऱ्याने पत्करलेला लवाद स्वीकारला, आणि मला या दोन्ही निर्णयांत विरोध दिसत नाही. आपल्याकडे मराठी अमदानीत पंचायतीपुढे जाण्याआधी दोन्ही पक्षांकडून लेखी राजीनामा घेतला जाई. आज त्या शब्दाला पद सोडण्याचा अर्थ आला आहे, पण तेव्हा तो "पंच देतील तो निर्णय मला मान्य" अशा राजीखुशीच्या कागदाचे नाव होता. निवाड्यानंतर हरलेल्याकडून येजितखत घेत, म्हणजे आपण हरलो हे त्याच्याच सहीने लिहून घेत. एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखावरील १८१९ च्या अहवालात या पंचायतींतील दोष स्पष्टपणे लिहिले. पंच येत नसत आणि काम रेंगाळे. तरीही ही पद्धत मोडून काढावी असे त्याला वाटले नाही, आणि मुंबई इलाख्यात १८२७ च्या सातव्या नियमाने लवादाला कायद्याचा आधार दिला गेला. मला यातला राजीनामा महत्त्वाचा वाटतो. सहा पानी भागीदारीपत्राच्या पाचव्या पानावरच्या सतराव्या कलमाखाली केलेली सही हा राजीनामा आहे का? त्या कलमाचा अर्थ कोणी समजावून सांगितला असेल तर आहे, एरवी नाही.

म्हणून माझा आग्रह लवादाचे कलम ठेवण्याइतकाच ते नव्याने लिहिण्याचा आहे. लवाद एकच असावा. त्याचे नाव कलमात नको, तर वाद झाल्यावर दोघांनी मिळून ठरवायचा, आणि ठरला नाही तर न्यायालयाकडून नेमून घ्यायचा, एवढेच असावे. हिशेबाच्या वादासाठी कलम २९ब ची पद्धत लिहावी. लवादाला संस्था विसर्जित करण्याचा अधिकार आहे, हेही शब्दांत लिहावे, कारण भागीदारीपत्रातील लवादाचे कलम पुरेसे व्यापक असेल तर लवाद विसर्जनाचा प्रश्नही ठरवू शकतो, हे २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले असले तरी मोघम कलमावर वकील वर्षभर वाद घालू शकतात. आणि भागीदारीपत्रावर योग्य मुद्रांक लावावा. मुद्रांक नसलेला लवादाचा करार निरुपयोगी की नुसता दुरुस्त करण्याजोगा, यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये पाच न्यायाधीशांनी एक आणि डिसेंबरमध्ये सातांनी त्याच्या उलट निर्णय दिला. काही हजारांच्या मुद्रांकापायी त्या वादाचा आपण पुढचा अध्याय व्हावे, असे कोणाला वाटेल? जाता जाता एक गोष्ट लक्षात आणून देतो: भागीदारी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे एकटा भागीदार संस्थेचा बाहेरच्याशी असलेला वाद आपल्या गृहीत अधिकारात लवादाकडे सोपवू शकत नाही. कायद्याला इतरांच्या संमतीची किंमत इतकी वाटत असताना अंतर्गत वादाच्या कलमाकडे मात्र कोणी पाहत नाही.

लाल रेघ मारलेल्या तीन मसुद्यांपैकी एकाच्या दोन्ही भागीदारांना मी बोलावून घेतले आणि जुने कलम मोठ्याने वाचून दाखवले. मग नवे वाचले. मोठ्या भागीदाराने मान हलवली. धाकटा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "साहेब, लवादाने पुस्तके मागितली तर मी कुठून देणार? सगळी तर ह्यांच्याच कपाटात असतात." मोठा हसला, पण त्याने नाही म्हटले नाही. म्हणून मसुद्यात आणखी एक ओळ घातली: कीर्द, खतावणी आणि बँकेचा उतारा यांची प्रत दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत प्रत्येक भागीदाराला मिळेल. त्या ओळीखाली दोघांनी वेगळ्या सह्या केल्या.